धुराची व्याप्ति

न्यायशास्त्राच्या प्रारंभींच्या पाठांत विद्यार्थ्यास जो पहिला दाखला भेटतो, तो धुराचा. दूर डोंगरावर धूर दिसतो. त्यावरून तेथें अग्नि असला पाहिजे असें अनुमान करावयाचें, आणि आधार म्हणून स्वयंपाकघराचा दृष्टांत द्यावयाचा. कारण धूर आणि अग्नि यांचें साहचर्य आपण तेथें नित्य पाहतों. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यानें उघडला असेल, त्यास हा डोंगर, हा धूर आणि हें स्वयंपाकघर पुरतें ओळखीचें आहे. हा दाखला घोकून पिढ्यान् पिढ्यांचे विद्यार्थी पंडित झाले. परंतु त्या स्वयंपाकघरांत फुंकणी हातांत घेऊन, पदरानें डोळे पुशीत जी बाई चुलीपुढें बसलेली असे, तिच्या शरीरांत तो धूर काय करीत असेल, हा प्रश्न त्या पाठांत कधीं निघाला नाहीं.

धुरावरून अग्नीचें अनुमान सोपें आहे. धुरावरून रोगाचें अनुमान फार कठीण आहे. तें निर्विवाद सिद्ध करण्यांत शास्त्रज्ञांचा विसाव्या शतकाचा जवळजवळ सारा उत्तरार्ध खर्ची पडला. त्या खटपटीची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें योजिलें आहे. मौज अशी कीं, अन्वय, व्यतिरेक आणि उपाधीचा शोध हे आपल्या नैयायिकांचे जे नियम, तेच या संशोधनांत पावलोपावलीं उपयोगी पडलेले दिसतात. एवढ्यावरून ‘सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत होतेंच’ असा अभिमान मिरविण्याचें कारण नाहीं. नियम ठाऊक असणें निराळें, आणि हातांत नोंदवही घेऊन वीस वर्षें मोजीत बसणें निराळें.

या अनुमानांत अडचण कोणती, तें प्रथम पाहूं. साप चावून मनुष्य मेला तर कारण उघड असतें. धुरानें मेलेल्या मनुष्याचें तसें नाहीं. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’, ‘न्यूमोनिया’, ‘दमा’ किंवा ‘पक्षाघात’ असें लिहिलेलें असतें. ‘धूर’ असें कोणी लिहीत नाहीं. शिवाय तेच रोग धुराशीं संबंध नसलेल्यांसही होतात. म्हणून एकेका रोग्याची नाडी पाहून हें कारण सांपडत नाहीं. हजारों माणसांचा हिशेब मांडावा तेव्हां तें दिसतें. माझ्यासारख्या जन्मभर हजेरीपट भरलेल्या शिक्षकास हें चटकन् पटतें. एका मुलाची एका दिवसाची गैरहजेरी कांहींच सांगत नाहीं. पण साऱ्या वर्षाचे पट शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे कोणत्या महिन्यांत कोणत्या वाडींतलीं मुलें तापानें पडतात, तें डोळ्यांस दिसूं लागतें.

या हिशेबाचा एक प्रसिद्ध आणि दारुण धडा लंडन शहरानें दिला. ता. ५ डिसेंबर १९५२ रोजीं त्या शहरावर दाट धुकें उतरलें. थंडी कडक होती, वारा पडला होता, आणि घरोघरच्या शेगड्यांत दगडी कोळसा पेटला होता. वर उबदार हवेचा थर झांकणासारखा बसल्यामुळें घरांचा, कारखान्यांचा आणि वीजघरांचा धूर खालींच कोंडला गेला. ता. ९ पर्यंत शहर त्या धुरकट काळोखांत बुडून राहिलें. एका नाट्यगृहांत प्रेक्षकांस रंगभूमीच दिसेना, म्हणून चालू संगीतिका बंद करावी लागली. परंतु धुकें ही लंडनकरांची जुनी ओळखीची गोष्ट. आपल्या शहरांत मोठा अनर्थ घडत आहे, हें त्या पांच दिवसांत फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. तो उघडकीस आला तो मृत्यूंच्या नोंदवहींतून. नेहमींच्या मानापेक्षां सुमारें ४ हजार माणसें अधिक मेलीं, असा हिशेब लागला. धुकें निघून गेल्यावरही कित्येक आठवडे मृत्यूंचें मान चढतेंच होतें; त्याचें खापर त्या वेळीं इन्फ्लुएंझावर फोडण्यांत आलें. पुढें सुमारें ५० वर्षांनीं मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या दोन विदुषींनीं ते जुने आंकडे पुन्हां तपासले, आणि एकंदर अधिक मृत्यु सुमारें १२ हजार असावेत, असें दाखविलें. १९५६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें शुद्ध हवेचा कायदा केला, त्याच्या मागें ही नोंदवही होती.

हा झाला अन्वय. धूर चढला, मृत्यु चढले. पण तेवढ्यानें नैयायिकाचें समाधान होत नाहीं. तो उपाधि शोधूं लागतो. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें कोणी म्हटलें, तर तो तापलेल्या लोखंडाकडे बोट दाखवितो. तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळें. तें ओलें सरपण हीच येथें उपाधि. त्याचप्रमाणें लंडनची माणसें धुरानें मेलीं कीं थंडीनें, असा प्रश्न निघतो. धुरकट शहरांत अधिक माणसें मरतात तीं धुरानें, कीं तेथील मजूरवर्ग गरीब असतो, तंबाखू अधिक ओढतो आणि धुळीचा धंदा करतो म्हणून? संख्याशास्त्रज्ञांस हा पेंच नित्य पडतो, आणि तो सोडविल्यावांचून व्याप्ति सिद्ध झाली असें म्हणतां येत नाहीं.

तो सोडविण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं केला. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांनीं स्वच्छ हवेपासून अत्यंत धुरकट हवेपर्यंत चढत्या क्रमानें बसणारीं ६ शहरें निवडलीं. तेथील ८,१११ प्रौढ स्त्रीपुरुषांचीं नांवें नोंदून घेतलीं, आणि प्रत्येकाचें वय, शिक्षण, धंदा, शरीराची ठेवण व तंबाखूचें व्यसन विचारून ठेविलें. मग १४ ते १६ वर्षें त्यांचा पाठपुरावा करून कोण केव्हां मेलें, याची नोंद ठेविली, आणि प्रत्येक शहराची हवाही मोजली. डग्लस डॉकरी, आर्डेन पोप आणि त्यांचे सहकारी यांनीं डिसेंबर १९९३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू वगैरे उपाधींचा हिशेब वजा केल्यावरही ओहायो प्रांतांतील स्ट्यूबेनव्हिल या पोलादी शहरांत मृत्यूंचें मान विस्कॉन्सिनमधील पोर्टेज या स्वच्छ गांवापेक्षां शेंकडा २६ नें अधिक निघालें. मधलीं शहरेंही धुराच्या मानानें मधल्या पायऱ्यांवर बसलीं. आणि धुळीच्या सर्व प्रकारांत अत्यंत सूक्ष्म कणांशीं हा संबंध सर्वांत घट्ट दिसला. या आधारावर १९९७ सालीं अमेरिकन सरकारनें सूक्ष्म कणांची मर्यादा ठरविली. कारखानदारांनीं मोठी ओरड केली. तेव्हां मूळ आंकडे तिऱ्हाईत परीक्षकांच्या हातीं देण्यांत आले, आणि त्यांनीं २००० सालीं तोच निकाल कायम केला.

आतां राहिला व्यतिरेक. धूर नाहीं तेथें रोगही नाहीं, असें दाखवावयास हवें. पण मनुष्याच्या वस्तीवरचा धूर प्रयोगासाठीं बंद कोण करणार? तो एकदां आपोआप बंद झाला. अमेरिकेंतील युटा प्रांताच्या एका खोऱ्यांत पोलादाचा मोठा कारखाना होता. मालक आणि कामगार यांच्या तंट्यामुळें तो १९८६ च्या ऑगस्टपासून १९८७ च्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. वर ज्यांचें नांव आलें ते आर्डेन पोप त्याच खोऱ्यांतील विद्यापीठांत अर्थशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनीं रुग्णालयांच्या वह्या काढून पाहिल्या. कारखाना चालू असतांनाच्या हिवाळ्यांत श्वासनलिकेचा दाह आणि दमा यांसाठीं दाखल झालेल्या लहान मुलांची संख्या बंद असतांनाच्या हिवाळ्यापेक्षां दुप्पट-तिप्पट होती. कारखाना बंद पडला तेव्हां मुलांचे खाटले रिकामे झाले. भट्ट्या पेटल्या तेव्हां ते पुन्हां भरले. त्या खोऱ्यांतील बहुसंख्य लोक धर्माज्ञेमुळें तंबाखूस शिवत नाहींत. त्यामुळें ती उपाधिही येथें फारशी नव्हती. पुढें आणखी एक गोष्ट झाली. हवा मोजण्याच्या यंत्रांतील त्या वर्षांचे गाळण्याचे कागद कोणी जपून ठेविले होते. त्यांवरील धुळीचा अर्क २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसांत अत्यल्प प्रमाणांत घालून पाहिला. चालू कारखान्याच्या काळांतील धुळीनें दाह उत्पन्न केला. बंद काळांतील धुळीनें तसा केला नाहीं.

हे सूक्ष्म कण करतात तरी काय? मनुष्याच्या केसाची जाडी सामान्यतः ५० ते ७० मायक्रोमीटर असते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या कणांस शास्त्रज्ञ ‘पीएम २.५’ म्हणतात ते अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहूनही लहान, म्हणजे केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. रस्त्यावरची जाड धूळ नाकांतील केसांत आणि घशांतील चिकट स्रावांत अडकते, व शिंक किंवा खोकला यांवाटे बाहेर पडते. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत उतरतात. तेथील रक्षक पेशी त्यांस गिळूं पाहतात, त्या झटापटींत दाह उत्पन्न होतो, आणि त्याचे परिणाम रक्तावाटे साऱ्या शरीरांत पोंचतात. रक्तवाहिन्या कठीण होतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, हृदयाचा ताल बिघडतो. म्हणून धूर जरी फुप्फुसांत गेला, तरी त्यानें मरणाऱ्यांत हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे रोगी पुष्कळ असतात. बाहेरची दूषित हवा कर्करोगास कारण होते, असा निर्णयही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ऑक्टोबर २०१३ मध्यें दिला. डोळ्यांस झोंबणारा धूर निदान सूचना तरी देतो. हे कण कांहींच सूचना देत नाहींत.

आतां पुन्हां स्वयंपाकघराकडे वळूं. कारण आपल्या देशांत या विषयाचें खरें ठिकाण तेंच आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत हृदयरोगाच्या अभ्यासक डॉ. एस. पद्मावती काम करीत असत. त्यांचा जन्म १९१७ सालीं ब्रह्मदेशांत झाला. त्या १०३ वर्षें जगून २०२० सालीं वारल्या. फुप्फुसें निकामी झाल्यामुळें हृदयाची उजवी बाजू फुगून थकते, असा एक रोग आहे. पाश्चात्य ग्रंथांत तो मुख्यतः उतारवयांतील, तंबाखू ओढणाऱ्या किंवा धुळीचा धंदा करणाऱ्या पुरुषांचा रोग म्हणून सांगितला जाई. दिल्लींत तो तरुण स्त्रियांतही आढळूं लागला. पद्मावतींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५९ सालीं आणि पुढें १९७६ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. धूम्रपान करणारे पुरुषांत पुष्कळ, स्त्रियांत फार थोडे. तरी रोग मात्र दोघांतही सारखाच. तंबाखूचें कारण येथें लागू पडेना. मग या बायकांच्या फुप्फुसांत गेलें तें काय? उत्तर लहानपणापासून चुलीपुढें काढलेल्या वर्षांत होतें. सरपण आणि गोवऱ्या यांचा धूर हेंच त्याचें कारण असावें, असें त्यांनीं सुचविलें.

तो धूर किती, हें मोजण्याचें काम पुढें कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानें अहमदाबादच्या सहकाऱ्यांसह गुजरातेंतील ४ खेड्यांत केलें. तो अभ्यास १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणीचें लहानसें यंत्र बसविलें होतें. त्यांच्या श्वासाच्या हवेंत एकंदर कणांचें प्रमाण दर घनमीटरास सुमारें ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७ हजार मायक्रोग्रॅम, निघालें. यांत लहानमोठे सर्वच कण आले, म्हणून आजच्या सूक्ष्म कणांच्या मर्यादेशीं त्याची सरळ तुलना करतां येत नाहीं. तथापि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस सूक्ष्म कणांच्या वार्षिक सरासरीस ५ मायक्रोग्रॅमची, आणि भारताची २००९ ची मर्यादा ४० ची आहे, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्या माउल्या कसली हवा ओढीत होत्या, याची कल्पना येईल.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मग चूल काढून गॅस बसविला कीं संपलें. परंतु या विषयांतील प्रामाणिक संशोधकांनीं आपल्या मनासारखे न निघालेले निकालही दडविलेले नाहींत, आणि ते वाचकांसही सांगितले पाहिजेत. ग्वाटेमाला देशांतील खेड्यांत स्मिथ यांनीं ५३४ कुटुंबांपैकीं निम्म्यांस धुराडें असलेली चूल दिली. २०११ सालीं निकाल छापला, तो असा: मुलांच्या गंभीर न्यूमोनियांत सुमारें एकतृतीयांश घट झाली, परंतु सर्व प्रकारच्या न्यूमोनियाची घट निश्चयानें सांगण्याइतकी दिसली नाहीं. पुढें भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रुआंडा या ४ देशांतील सुमारें ३,२०० गर्भवती स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला; भारतांतील भाग तामिळनाडूंत होता. निम्म्या घरीं गॅस दिला. गॅस न मिळालेल्या स्त्रियांच्या श्वासांतील सूक्ष्म कण दर घनमीटरास सुमारें ७० मायक्रोग्रॅम, तर गॅस मिळालेल्यांच्या सुमारें २४ निघाले. तथापि २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत नवजात बालकांच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

मग धूर निर्दोष ठरला काय? नाहीं. गॅस घरांत आला तेव्हां गर्भास कित्येक आठवडे होऊन गेले होते, आणि त्या मातेच्या शरीरानें बाळपणापासून धूर सोसला होता. वर्षानुवर्षांचा लेप कांहीं महिन्यांत धुऊन निघत नाहीं. शिवाय धूर आणि हानि यांचें मान सरळ रेषेंत चढत नाहीं, असें इतर अभ्यासांवरून दिसतें. पहिल्या थोड्या धुरांतच हानि झपाट्यानें चढते, पुढें ती सावकाश वाढते. म्हणून फार धूर होता तो मध्यम झाला, एवढ्यानें अपेक्षेइतका लाभ होत नाहीं. या प्रयोगांचा बोध निराशेचा नव्हे. अर्धवट आणि उशिरां केलेली स्वच्छता पुरत नाहीं, असा तो माझ्या समजुतीनें आहे.

घरोघर ऐकूं येणारा एक आक्षेपही घेऊं. ‘आमची आजी जन्मभर चुलीपुढें बसली, आणि नव्वद वर्षें जगली!’ जगली असेल, आणि तिच्या पुण्याईस नमस्कार. परंतु जी पस्तिसाव्या वर्षीं खोकून खोकून गेली, तिची गोष्ट सांगावयास नातवंडें कोठून येणार? जगलेल्यांची आठवण घरांत राहते. गेलेल्यांची केवळ नोंदवहींत. आणि ही व्याप्ति धूर-अग्नीच्या व्याप्तीसारखी अव्यभिचारी आहे, असें कोणीच म्हणत नाहीं. पावसांत भिजलेला प्रत्येक मुलगा तापानें पडत नाहीं, म्हणून कोणी आई मुलास पावसांत उभा करीत नाहीं. २०१९ सालीं भारतांत हवेच्या दूषणास लावतां येतील असे मृत्यु सुमारें १६ लाख ७० हजार झाले, असा अंदाज आहे. त्यांपैकीं सुमारें ६ लाख घरांतील धुराचे. अंदाज म्हणजे मोजदाद नव्हे. तरी वर सांगितलेल्या अभ्यासांच्या मालिकेवर तो उभा आहे.

या सर्वांतून गृहस्थानें घ्यावयाचें तें थोडक्यांत सांगतों. जेथें अद्याप चूल किंवा पाण्याचा बंब पेटतो, तेथें सरपण वाळलेलें असावें, धुराडें किंवा उघडी खिडकी असावी, आणि तान्हें मूल व गर्भवती सून यांस त्या खोलींत बसवूं नये. गॅसवरची फोडणीही धूर करते. तेव्हां खिडकी उघडावी. डास मारण्याची उदबत्ती रात्रभर बंद खोलींत जाळूं नये. अशा एका वेटोळ्यांतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत आढळलें. देवघरांतील धूप-उदबत्तीविषयीं बोललें कीं कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात; पण देव भावाचा भुकेला, कोंदलेल्या खोलीचा नव्हे. एक काडी लावावी, आणि दार उघडें ठेवावें. अंगणांतील पाचोळा व प्लॅस्टिक पेटवूं नये. म्हाताऱ्यांनीं दाट धुक्यांत पहाटेचें फिरणें नेमानें करण्याचा हट्ट धरूं नये. नेम ऊन पडल्यावरही पाळतां येतो.

शेवटीं एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरांतून चूल गेली, म्हणून धूर गेला असें आपण समजतों. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरणारीं कुटुंबें देशांत शेंकडा ५८.६ निघालीं, म्हणजे दर पांचांत दोन घरें अद्याप धुरांत होतीं. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरांत गॅस पोंचविला, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु टाकी संपल्यावर दुसरी घेण्यास पैसे नसले म्हणजे तीच गृहिणी पुन्हां सरपणाकडे वळते. आपल्या घरीं भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईस एकदां सहज विचारावें, ‘बाई, तुमच्याकडे चूल पेटते कीं गॅस?’ चूल असें उत्तर आलें, तर तिच्या मुलाचा सुटत नसलेला खोकला कशाचा असेल, याचें अनुमान आतां कोणासही करतां येईल. अनुमान झाल्यावर स्वस्थ बसूं नये. महिन्याकांठीं एका टाकीचा भार चार सुस्थित घरांनीं वांटून उचलला, तर कोणासही जड जाणार नाहीं, आणि एक स्वयंपाकघर धुराच्या दृष्टांतांतून कायमचें वगळलें जाईल.